अकरा हातांची गंगा

"आली! गंगा आली!" असा ओरडा झाला आणि साठ-सत्तर शिकलीसवरलेली माणसं एका लोखंडी पाइपाच्या तोंडाकडे धावली. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका धावतात तशी. फरक एवढाच, की बायका घागरी घेऊन धावतात आणि ही मंडळी मोबाइल वर धरून धावली.

पाइप म्हणजे बोअरचा केसिंग पाइप, जमिनीतून गुडघाभर वर आलेला. मोटर नाही, वायर नाही, तोंडावर झेंडूची माळ. जलयोगीराज नावाच्या बुवाने ढोलाच्या गजरात आत एक सोललेला नारळ सोडला, शंख फुंकला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. दोन मिनिटांत आतून बुडबुड आवाज आला, नारळ पाण्याच्या डोक्यावर बसून वर आला, आणि मागोमाग भळभळ पाणी. अर्ध्या चड्डीतल्या एका गृहस्थाने चिखलातच साष्टांग नमस्कार घातला आणि पडल्या पडल्या बायकोला विचारलं, "व्हिडिओ घेतलास ना? नाही? थांब, परत घालतो."

"पाणी ऐकतं, भक्तहो!" बुवा गरजला. अंगावर इस्त्रीची भगवी लुंगी, मनगटावर रुद्राक्ष आणि रुद्राक्षाखाली मोबाइलला जोडलेलं घड्याळ. "सातशे फुटांवर गंगामाता कान लावून बसली आहे. मोटरच्या आवाजाला ती घाबरते. तिला फक्त व्हायब्रेशन पाहिजे. पॉझिटिव्ह व्हायब्रेशन!"

सातशे फुटांवरून या बाईला ऐकू येतं, आणि माझा मुलगा शेजारी उभा राहून माझं ऐकत नाही, असं माझ्या मनात आलं. तो हात जोडून उभा होता. सून डोळे पुसत होती.

"आई, आता तरी पटलं?" मुलाने विचारलं.

"ऊन फार आहे रे," मी म्हटलं.

माझं नाव ठकुबाई. चौथी नापास. मुलगा रविकिरण इंजिनिअर, बेंगळुरूत बेळ्ळंदूरला काचेच्या इमारतीत नोकरी, तिथेच बाराव्या मजल्यावर फ्लॅट. सून संहिता पुण्याची, तीही इंजिनिअर. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या इमारतीत नळ कोरडे पडले. दोघं माणशी एक बादली पाण्यावर राहिली, कागदी ताटांत जेवली, शेवटी माझ्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात शेतघर शिरलं. स्वतःची जमीन, स्वतःचं पाणी. मागडी रस्त्यावरून आत वळलं की एका खेड्याबाहेर चौदा एकराचे सात तुकडे विकायला काढले होते. त्यातला जुन्या घराचा, दोन एकरांचा तुकडा यांनी हेरला.

आणि तो घ्यायचा कशाच्या जोरावर? तर माझं बेंगळुरूच्याच शिवाजीनगरातलं घर विकून. आमचे हे एकतीस वर्षं पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर उभे राहिले, दोन बोटांची पेरं मशीनला दिली, तेव्हा वरखाली चार खोल्या झाल्या. घर माझ्या नावावर. माझी सही झाली की घर गेलं, आणि मी जाणार त्या शेतघरात "मोकळ्या हवेत" राहायला. पुढच्या रविवारी दलाल करारनामा करणार होता.

त्या दलालाचं नाव प्राणेश. बोलणं असं, की वाळवंटात रेनकोट विकेल. चमत्कार आटोपल्यावर त्याने आम्हाला घर दाखवलं.

"बघा अक्का, जुनं सोनं!"

सोन्याच्या भिंतीला अशी भेग होती की माझा हात कोपरापर्यंत आत गेला. "ही काय?"

"घर श्वास घेतंय, अक्का. स्वामी म्हणाले, भिंतीने गंगेला वाट करून दिलीय."

"आणि हे?" स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्या कमरेइतकं वारूळ उभं होतं.

"साक्षात नागदेवतेचं ठाणं! लोक लाखो रुपये घालून देऊळ बांधतात. तुम्हाला किचनमध्येच फ्री."

"मग भाकरी मी थापायची का त्याने?"

संहिताने माझा पदर ओढला. "अहो आई, हळू बोला ना."

मी हळू बोलले नाही. फाटकापर्यंतची वाट दुसऱ्याच्या नाचणीच्या शेतातून येत होती. तिचे कागद विचारले तर प्राणेश म्हणाला, शेजारी देवमाणूस आहे, कागद कशाला? मागे नीलगिरीचं रान दिसलं. नीलगिरी जमिनीतला ओलावा कसा शोषते ते विचारलं, तर म्हणाला, वास किती छान येतो बघा. आणखी पुढे दगड टाकून बुजवलेली दोन बोअर सापडली.

"ही कधी आटली?"

"ती? ती स्वामींच्या आधीची हो अक्का. तेव्हा कुठे व्हायब्रेशन होतं?"

रविकिरण हे सगळं ऐकत होता आणि मान डोलावत होता. साधा मिक्सर घ्यायचा तर हा मुलगा तीन रात्री दोनशे लोकांची मतं वाचतो. इथे भिंत फुटलेली, रस्ता नाही, चुलीशी वारूळ, दोन बोअर मेलेली, आणि याचे डोळे फक्त त्या नारळाच्या, पाण्याने भरलेल्या पाइपावर. बाकी सगळं पाण्याने धुऊन निघालं होतं. बुवाला आपलं गिऱ्हाईक बरोबर ठाऊक होतं: बेंगळुरूच्या माणसाला जमीन विकायची नाही, त्याला पाणी दाखवायचं.

मला तहान लागली होती. बुवाचं तीर्थ बाटल्यांत भरून वाटत होते, ते संहिताने पिशवीत घातलं. मी कुंपणापलीकडे गेले. तिथे प्रेमा नावाची एक बाई शेळ्यांना पाला घालत होती. पाणी मागितलं. तिने तांब्या दिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. मचूळ, खारट.

"सवय नाही अम्मा तुम्हाला," ती कानडीत म्हणाली. मीही कानडीतच बोलत होते. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेल्या. "आमचं बोअर हे असंच."

"डाळ शिजते का यात?"

"कुठली! सोडा टाकला तरी दाणा दाण्यासारखा राहतो. तूर शिजवायची तर गावातून विकतचा कॅन आणते."

"आणि तिकडे ती गंगा आली, ती बघितलीस?"

"आम्हाला आत सोडत नाहीत. आमच्यामुळे देव बिघडतो म्हणे." आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

तिच्या बोअरपासून बुवाच्या पाइपापर्यंत मी चालत आले. पावलं मोजली. शंभरही भरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संहिता ऑफिसला गेल्यावर मी देवघरातली तीर्थाची बाटली उचलली आणि त्यात तुरीची डाळ लावली. दोन शिट्ट्या. झाकण काढलं तर डाळ लोण्यासारखी. पळीने घोटायचीही गरज नाही. आमच्या घरी दोन नळ आहेत, एक कावेरीच्या पाण्याचा, एक बोअरचा. कुठल्या पाण्यात डाळ कशी शिजते, साबण कसा फेसतो, हे मला चाळीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी विसरायलाही लावू शकणार नाही. हे पाणी त्या जमिनीतलं नव्हतं. सरळ सरळ नळाचं होतं.

संध्याकाळी जेवताना सांगितलं, तर घरात आग लागली.

"आई! तीर्थाची डाळ केलीत?" संहिता ताटावरून उठलीच.

"छान झाली होती. तू दोनदा घेतलीस."

रविकिरण मला समजावू लागला, लहान मुलाला समजावतात तसा. "आई, जमिनीखाली वेगवेगळे झरे असतात. शंभर पावलांवर पाणी बदलू शकतं. याला सायन्स आहे."

"मग तुझं सायन्स मोटर का लावून बघत नाही? चार तास पाणी उपसून बघायचं, टिकतंय का. साधी गोष्ट."

"स्वामी म्हणतात मोटर चालणार नाही."

"का चालणार नाही?"

"तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस! आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी मागतोय."

हे मात्र मला लागलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. बारावीपासून आजवर त्याने कधी काही मागितलं नव्हतं. भांडून त्याचं मन वळणार नाही हे मला कळलं. त्याला डोळ्यांनी दिसायला हवं, आणि सगळ्यांसमोर दिसायला हवं.

"बरं," मी म्हटलं. "रविवारी सही करते. पण एक अट. आपल्यात नव्या पाण्याची ओटी भरल्याशिवाय ते पाणी घेत नाहीत. गंगेची ओटी भरायची."

दोघांचे चेहरे असे उजळले, की मला माझीच थोडी लाज वाटली. थोडीच.

आठवडाभर संहिता हौसेने तयारी करत होती. हिरवा खण, बांगड्या, हळकुंड, सुपारी. मी बाजारातून सुतळीचे मोठे गुंडे आणले, हळदीच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवले.

"एवढी सुतळी कशाला, अहो आई?"

"गंगा सातशे फुटांवर बसलीय ना? ओटी तिच्यापर्यंत पोचायला नको?"

रविवारी पुन्हा तीच जत्रा. करारनाम्याचं टेबल मांडलेलं, प्राणेश पेन खिशाला लावून तयार. बुवा शंख हातात घेऊन उभा राहिला, तोच मी पुढे झाले.

"स्वामी, गंगामातेची ओटी भरायची आहे."

बुवाने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "माताजी, ओटीसाठी सौभाग्यवती..."

"ठाऊक आहे. नवरा गेला की माझ्या हातातलं खोबरं नासतं. घर विकायला मात्र माझीच सही चालते. सून भरेल."

दोन-चार बायका हसल्या. बुवाही हसला, पण दातांनी. "भरा, भरा. पण तीर्थ वर येऊ द्या. मग वर तरंगत सोडू."

"असं कसं? ओटी बाई बसलीय तिथे जाऊन भरतात. ती सातशे फुटांवर बसलीय, हे तुम्हीच सांगता." मी खणात एक गुळगुळीत दगड, बांगड्या, हळकुंड बांधून गाठोडं केलं आणि पिवळ्या सुतळीला अडकवलं. "सून खाली सोडेल. तिच्या पायापर्यंत."

"माताजी, त्याला वेळ लागेल, मुहूर्त..."

"लागू द्या की!" गर्दीतून एक आजोबा ओरडले. "अज्जी सरी बोलते, बरोबर आहे तिचं. करू द्या!" आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ओटीला नाही म्हणणारा बुवा कुठे असतो? बाजूला सरला.

संहिताने पाइपाला हळदकुंकू वाहिलं आणि सुतळी सोडायला लागली. एकेक हात. लोकांना मजा वाटली, ते मोठ्याने मोजू लागले. "पाच! सहा! सात!" व्हिडिओ सुरू झाले. "नऊ! दहा! अकरा!"

बारा कुणी म्हणालं नाही.

संहिताच्या हातातली सुतळी सैल पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, टेकलं."

"अडकलं असेल. वर घे, परत सोड."

तिने घेतलं, परत सोडलं. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकरा. अकरा हात म्हणजे सोळा-सतरा फूट. आमच्या घराचा जिना त्याहून मोठा असेल.

"गंगामातेने ओटी हातात झेलली!" बुवाने बोंब ठोकली. "बोला, गंगामाता की..." तीन-चार जणांनी जय म्हटलंसुद्धा.

"मोठा लांब हात आहे बाईचा," मी म्हटलं. "बसलीय सातशे फुटांवर आणि झेलतेय अकरा हातांवर." संहिताने गाठोडं वर ओढलं. हिरव्या खणाला ओली वाळू आणि सिमेंटचा काला लागला होता. तिने तो बोटांनी चोळला. पोरीचा चेहरा बदलला. ती माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलली.

"रवी, बॅटरी लाव. आत बघ."

रविकिरण पाइपावर वाकला. मोबाइलचा उजेड आत पाडला. उठला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"खाली बुजवलंय. आणि बाजूला भोक आहे. त्यातून प्लास्टिकचा पाइप आत आलाय."

"तो फिल्टर आहे, सर!" प्राणेश पुढे धावला.

"मोटर नसलेल्या बोअरला फिल्टर?" माझा मुलगा म्हणाला. किती दिवसांनी तो इंजिनिअरसारखा बोलला!

पाइप कुठून येतो ते शोधायला फार हुशारी लागली नाही. जमिनीवर हातभर रुंदीची एक पट्टी उकरून पुन्हा बुजवलेली होती, आणि तिच्यावर नीलगिरीचा पाला पलंगपोसासारखा नीट पसरला होता. रानात दुसरीकडे कुठेच पाला इतका शिस्तीत नव्हता. रविकिरण त्या पट्टीवरून चालायला लागला, मागे संहिता, मागे मी, मागे सगळी गर्दी. पट्टी रानातून वर चढत एका टेकाडावर गेली. तिथे हिरव्या जाळीआड पाच हजार लिटरची काळी टाकी. टाकीखाली व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हशेजारी स्टुलावर बसून एक मिशीवाला माणूस डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, खात होता.

सत्तर माणसं समोर बघून तो बिचारा अदबीने उठला. हात पुसत म्हणाला, "शंख वाजला काय, सर? मला ऐकू नाही आला."

असे हसले लोक, की झाडावरचे कावळे उडाले.

पण नुसतं हसून मी सोडणार नव्हते. रविकिरणला टाकीपाशी उभं केलं, व्हॉल्व्ह घट्ट बंद, आणि सगळ्यांना पुन्हा पाइपापाशी आणलं. बुवा गाडीचं दार उघडत होता. तो साष्टांग घालणारा चड्डीवाला गृहस्थ दाराला टेकून उभा राहिला. "स्वामी, बसा ना. तुमच्याशिवाय कार्यक्रम कसा होणार?"

"पाइपात नारळ टाका," मी म्हटलं. "आणि फुंका शंख."

बुवाने फुंकला. गाल फुगले, डोळे लाल झाले. मंत्र म्हटला. पुन्हा फुंकला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाइप ढिम्म.

"व्हायब्रेशन निगेटिव्ह आहे!" तो माझ्याकडे बोट दाखवत किंचाळला. "ही बाई!"

"असेल. आता गप्प बसा," मी म्हटलं आणि फोन लावला. "रवी, सोड रे."

दोन मिनिटं. बुडबुड. नारळ डुलत वर आला, मागून पाणी. ना शंख, ना मंत्र, ना श्रद्धा. मी तर त्या दोन मिनिटांत बुवाला शिव्या देत होते, तरी गंगा आली.

मग मिशीवाल्याने सगळं सांगून टाकलं. बोअर सातशे फूट खणलं होतं, तळाशी धूळ निघाली. सोळा फुटांवर वाळूची पोती आणि सिमेंट घालून ते बुजवलं. बाजूने पाइप जोडला. टाकी उंचावर, बोअर खाली, व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपोआप वर येणारच. घरच्या टाकीतून नळाला येतं तसं. भराव थोडा झिरपायचा, म्हणून खेळ संपला की पाणी हळूहळू उतरायचं. याला बुवा "गंगा पाताळात परतली" म्हणायचा. दर शनिवारी मागच्या वाटेने टँकर यायचा. पाणी मुद्दाम शहरातल्या नळाचं, कारण शहरातली माणसं खारं पाणी तोंडात धरत नाहीत. गिऱ्हाइकाला गोड लागावं म्हणून त्यांनी त्या मातीत गोड पाणी आणलं, आणि तिथेच चुकले.

प्राणेश शेवटपर्यंत दलालच. गर्दी पांगायला लागली तसा माझ्या कानाशी आला. "अक्का, झालं ते झालं. रेट स्वल्प कमी करू?"

"वारूळ धरून का वगळून?" मी विचारलं.

आम्ही जमीन घेतली नाही. सही झाली नाही, शिवाजीनगरचं घर राहिलं. परतताना टोलनाक्यापाशी रविकिरणने गाडीत एवढंच म्हटलं, "आई, मला पाणी दिसलं आणि पुढचं काही दिसेनासं झालं." मी त्याला टोचून बोलले नाही. मला बोलता आलं असतं.

पण इतरांना बोलणार आहे. त्या दिवशी निघताना एक बाई पाइपापाशी बाटली भरत होती. टाकी, व्हॉल्व्ह, मिशीवाला, सगळं स्वतः बघून आलेली. म्हटलं, "अगं, आता कशाला?" तर म्हणते, "असू द्या हो, एवढ्या लांब आलोय." असल्या माणसांसाठी हे लिहिलं.

देव मानायचा तर माना, मी कुणाच्या देवघरात डोकावत नाही. पण आयुष्याची कमाई घालून घरजमीन घ्यायची असेल, तर शेजारच्या बाईला आधी विचारा, तिचं पाणी प्या, भेगेत हात घाला, वाटेचा कागद मागा, मोटर लावून चार तास पाणी उपसा. शाळा कमी झाली असेल तरी चालेल, या कशाला शाळा लागत नाही. आणि जो कुणी सांगेल की विचारू नका, देव रुसेल, त्याला दुसऱ्यांदा विचारा, मोठ्याने विचारा, चार लोकांत विचारा. विचारल्यावर रुसतो तो देव नसतो, दलाल असतो.